रात्रीत फुगलेले क्यूब

पुण्याजवळ एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो मी, रोजचं तेच, क्यूब (सिमेंटचे चौकोनी ठोकळे) फोडून ताकद बघा, सळई ओढा, रिपोर्ट द्या. त्या दिवशी आल्या आल्या लॅबमधला पोरगा म्हणाला, "सर, शेठचे क्यूब वर आलेत." क्यूब वर येतात कसे? जाऊन बघतो तर खरंच, आदल्या संध्याकाळी थापीने सपाट करून ठेवलेलं मॉर्टर मोल्डच्या काठाच्या वर आलेलं, आणि वर बारीक बारीक भोकं. शेजारचे साध्या सिमेंटचे क्यूब मात्र जागच्या जागी.

हे शेठ पेव्हर ब्लॉकवाले. कचरा जाळून वीज करणाऱ्या एका प्लांटची राख त्यांना जवळजवळ फुकटात मिळत होती, देणाऱ्याने "फ्लाय अ‍ॅशच आहे, सिमेंट २० टक्के कमी करा" एवढंच सांगून पोतं दिलेलं. ते वर आलेले क्यूब याच राखेचे. आता आयएस ३८१२ या भारतीय मानकातली फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची. ही राख कचऱ्याच्या भट्टीच्या तळाची, दळून दिलेली, आणि कचऱ्यात काय काय असतं ते आपल्याला माहीतच आहे, फॉइल, गोळ्यांची पाकिटं, डबे.

मी ती राख ९० मायक्रॉनच्या चाळणीवर घेतली. वर जे उरलं त्यात चकचकीत पातळ टिकल्या! अ‍ॅल्युमिनियम मऊ, ते दळताना पीठ होत नाही, चपटं होतं. आणि चुंबकालाही लागत नाही, त्यामुळे लोखंड काढलं तरी हे राहतंच.

दुपारी शेठ आले. रिपोर्ट वाचून कुणाला काही पटत नाही असा माझा अनुभव, म्हणून खिडक्या उघडून काचेच्या ग्लासात कॉस्टिक सोड्याचं पाणी घेतलं आणि चमचाभर राख टाकली. थोड्या वेळात बुडबुडे सुरू. "हा तर इनो टाकलेला ढोकळाच की साहेब!" म्हटलं बरोबर, फक्त हा गॅस हायड्रोजन आहे, काडी पेटवू नका. ओलं सिमेंटही असंच अल्कलीयुक्त, त्याचा पीएच साडेबाराच्या वर जातो, त्यात हेच होतं, एका ग्रॅम अ‍ॅल्युमिनियममधून सव्वा लिटरच्या आसपास गॅस निघतो. एएसी ब्लॉकमध्ये (भिंतीचे हलके, सच्छिद्र ब्लॉक) मुद्दाम अ‍ॅल्युमिनियम पावडर घालतात ती यासाठीच, पण तिथे हलका ब्लॉक हवा असतो, इथे ट्रकखाली टिकणारा हवाय.

शेठ म्हणाले आरसीसीत चालवू मग, पेव्हर राहू दे. कसलं चालवताय! राख ढवळलेलं पाणी गाळून, नायट्रिक अ‍ॅसिडने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तर पांढराफटक साका, म्हणजे क्लोराइड, आणि काँक्रीटचं मानक आयएस ४५६ आरसीसीला घनमीटरमागे ०.६ किलोच्या वर क्लोराइड चालवून घेत नाही, सळई गंजते. शिवाय अशा राखेत जस्त आणि शिसं असतं, त्याने सेटिंग लांबतं, आणि पावसात शिसं पाझरतं का हे लीचिंग टेस्टशिवाय कळत नाही.

राख वाईटच असं माझं म्हणणं नाही. नेदरलँड्समध्ये तळाची राख धातू काढून, काही आठवडे उघड्यावर मुरवून रस्त्याच्या भरावात वापरतात. पण धुणं, मुरवणं, धातू वेगळे करणं हा सगळा खर्च धरला की फुकट राख फुकट राहत नाही, आणि तो खर्च प्लांटवाल्याने करायचा असतो, ब्लॉकवाल्याने नाही, असं माझं स्पष्ट मत.

शेठ हिशोब करत बसले. मी म्हटलं बसा, चहा घ्या, पण जाताना पोतं घेऊन जा, इथे ठेवायला जागा नाही.