आमची वाटचाल : कंपोस्ट आणि सुपर फॉस्फेट एकाच ओळीत

कंपोस्ट आणि जिवाणू खते तयार करण्याचा हा लहानसा उद्योग सुरू केला, तेव्हा रासायनिक स्फुरद (फॉस्फरस) वापरणे सोडा, आमचे खत पुरेसे आहे, असेच आम्ही ग्राहकांना सांगत होतो. कडधान्यांनी हा समज मोडून काढला. कंपोस्टात मुळात स्फुरद कमी, त्यातही बरेचसे सेंद्रिय रूपात असल्याने ते सावकाश मोकळे होते. हरभऱ्याला किंवा मुगाला मात्र त्याची निकड पहिल्या काही आठवड्यांतच असते, कारण मुळांवर गाठी त्याच काळात धरतात आणि हवेतील नत्र (नायट्रोजन) स्थिर करण्यास लागणारी ऊर्जा स्फुरदाशिवाय तयार होत नाही.

केवळ रासायनिक खतानेही भागत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद असते आणि त्यातील बहुतेक पाण्यात विरघळते खरे, परंतु चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी आणि आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते. सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारी आम्ले ही पकड सैल करतात. म्हणून सुपर फॉस्फेट मुरलेल्या कंपोस्टात मिसळून बियाण्याच्या थोडे खाली पेरावे, फोकून देऊ नये, असे आम्ही सांगू लागलो. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही, मुळांनाच त्याच्यापर्यंत जावे लागते.

याच काळात एक चूक घडली आणि ती सर्वस्वी आमची होती. आमच्या माहितीपत्रकात ‘एकत्र वापरा’ एवढेच छापले होते. एका शेतकऱ्याने रायझोबियम (मुळांवर गाठी धरून नत्र स्थिर करणारे जिवाणू) लावलेले ओलसर बियाणेच सुपर फॉस्फेटमध्ये घोळून पेरले. महिनाभराने झाडे मातीसकट उपटून पाहिली, तर गाठी मोजक्याच; नखाने फोडल्यावर आतून पांढरट, निरोगी गाठीचा गुलाबी रंग कुठेच नाही. खताच्या आम्लतेने जिवाणू बियाण्यावरच मेले होते. आम्ही भरपाई दिली आणि पत्रक नव्याने छापले: 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम व तेवढेच स्फुरद विरघळविणारे जिवाणू चोळावेत, बियाणे सावलीत सुकवावे आणि खताचा त्याला स्पर्श होऊ देऊ नये.

आता माती परीक्षणाचा अहवाल पाहिल्याखेरीज आम्ही मात्रा सांगत नाही. अहवालात स्फुरद भरपूर दिसले, तर सुपर फॉस्फेटची मात्रा कमी करायला लावतो. विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनीसाठी रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदयुक्त खडकाची भुकटी, मागणाऱ्यालाही, ते तिथे जवळजवळ विरघळत नसल्याने, सरळ नकार देतो. त्यावर काही जुने ग्राहक अजून रुसून आहेत.