उलट्या दिशेने जाणारी बाई

२०१७ ते २०१९ मी टांझानियातल्या दार एस सलाम शहरात नोकरीला होतो. किल्वा रस्त्यावरचा आमचा कारखाना सुटला की बहुतेक जण म्बगाला या उपनगराकडे जाणारी डालाडाला, म्हणजे खाजगी मिनीबस, पकडत. मला उलट, शहरात, कारियाकूला जायचं असे. म्हणजे माझी गाडी रिकामी यायला हवी होती. पण बसायला जागा क्वचितच मिळे.

महिनाभराने कारण कळलं. पॅकिंगमधली एक बाई रोज माझ्याच गाडीत चढे, आणि घर तर तिचं म्बगालात. एकदा विचारलं, "दादा, तू इकडे कुठे रोज?" (स्वाहिलीत दादा म्हणजे ताई आणि काका म्हणजे भाऊ. हे अंगवळणी पडायला मला बरेच दिवस लागले.) ती म्हणाली, "काका, म्बगालाची गाडी इथे येते ती ठासून भरलेलीच. म्हणून कारियाकूपर्यंत जायचं, उतरायचं नाही, तीच गाडी फिरली की बसून घरी."

४०० शिलिंग जाताना, ४०० येताना, वर तासभर जास्त. दिवसभर उभ्याने काम केल्यावर निदान बसून जाता यावं, एवढ्यासाठी.

थांब्यावर कुणी वही घेऊन प्रवासी मोजायला बसलं असतं, तर ही बाई त्यात दोनदा आली असती, आणि एकदा तर कारियाकूला जायची गरज असलेली म्हणून. गर्दी बघून पायीच निघालेले तर वहीत आलेच नसते. शहराला किती बस हव्यात याचा आकडा पुढे कुणी मांडला की मला तीच आठवते.

आधी मला राग यायचा तो कोंडाचा, म्हणजे कंडक्टरचा. विद्यार्थ्यांचं भाडं निम्मं, म्हणून तो गणवेशातल्या मुलांना दारातच अडवायचा. नंतर समजलं, मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यावीच लागते. तिला 'हेसाबू' म्हणतात, आपला हिशेबच तो. डिझेल आणि हेसाबू जाऊन उरेल ते चालकाचं आणि कोंडाचं. मग दुपारी गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळी कोंडी दिसली की अर्ध्या वाटेतून मागे फिरते. पोरांना दारात अडवणं मला आजही पटत नाही, पण त्या कोंडाच्या जागी मी काय केलं असतं, हेही सांगता येत नाही.

१९७०च्या दशकात इथे सरकारी बस कंपनी होती. तिच्या गाड्या कमी पडत गेल्या, तशा खाजगी गाड्या आधी चोरून आणि १९८३पासून परवान्याने धावू लागल्या. पाच शिलिंगच्या नाण्याला लोक 'डाला' म्हणत. त्या भाड्यावरून डालाडाला. शहर मात्र थांबलं नाही. २०१२च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४४ लाख, २०२२मध्ये ५३ लाखांवर.

मे २०१६मध्ये मोरोगोरो रस्त्यावर 'म्वेंडोकासी' ही जलद बससेवा सुरू झाली. किमारा ते किवुकोनी, बसला स्वतःची मार्गिका, रस्त्याच्या मधोमध थांबे. पहिल्यांदा बसलो तेव्हा शेजारी अडकलेल्या मोटारींना मागे टाकत आम्ही पुढे निघालो, आणि मला फार बरं वाटलं. बस गरिबाचीही असावी आणि वेगवानही, हे डोळ्यांनी पाहिलं. दुसरा टप्पा किल्वा रस्त्याचाच, म्बगालापर्यंतचा. पण मी होतो तोवर तिथे डालाडालाच होत्या.

कारियाकूला मी उतरायचो. ती सरकून खिडकीशी बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची. बाहेरून लोक दाराशी झोंबत असत, एखादा पोरगा मागच्या खिडकीतून आत शिरत असे. गाडी वळायच्या आत तिचा डोळा लागलेला असायचा.