पेशंट, क्लायंट की विद्यार्थी?

हालचाल शिकवणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रश्न नेहमी येतो: तुमच्याकडे येणाऱ्यांना तुम्ही म्हणता तरी काय? सरळ उत्तर देतो: विद्यार्थी. तासात मेहनत कोणी करायची, हे या नावावरून ठरतं, म्हणून त्याचा इतका आग्रह.

सावकाश, छोट्या हालचालींतून शरीराच्या सवयी ओळखायला शिकवणारी फेल्डेनक्राइस पद्धत घ्या. तिच्यातला वैयक्तिक पाठ बाहेरून मालिशसारखा दिसतो. माणूस पूर्ण कपड्यांत बुटक्या टेबलावर पडलेला असतो आणि शिक्षक त्याचा खांदा, बरगड्या, कंबर हलकेच हलवत असतो. तरीही ही पद्धत घडवणारे मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) त्याला उपचार नव्हे, पाठच म्हणत. तिथे स्नायू दाबून मोकळा करायचा नसतो. हात उचलताना बरगड्या सोबत आल्या तर हात हलका होतो, हे त्या माणसाच्या स्वतःच्या लक्षात यावं लागतं. तो पेशंट होऊन पडला, की डोळे मिटतो आणि उठल्यावर "बरं वाटलं" म्हणतो. दुसऱ्या दिवशी खांदा पुन्हा कानाशी. म्हणून शिक्षकाने मध्येच हात काढून घ्यावा, तीच हालचाल त्याला चार-पाच वेळा सावकाश करू द्यावी आणि दुसऱ्या बाजूशी ताडून बघायला सांगावं. शेवटची काही मिनिटं बसण्या-उठण्यासाठी आणि चालण्यासाठी राखावीत. ही मिनिटं गेली, की पडून सापडलेलं उभं राहताना हाती लागत नाही.

उठता-बसता, बोलता शरीर नकळत आवळण्याची सवय सोडायला शिकवणाऱ्या अलेक्झांडर तंत्रातही शिकवणारा शिक्षक आणि येणारा विद्यार्थीच. या तंत्राचे जनक एफ. एम. अलेक्झांडर (१८६९–१९५५) रंगमंचावर पठण करत आणि त्यांचा आवाज बसे. आरशात पाहताना त्यांना दिसलं, की बोलायला सुरुवात करतानाच आपण डोकं मागे खेचतो. आजही त्या पाठात खुर्चीतून उठायला सांगतात आणि लगेच उठू मात्र देत नाहीत. 'उठा' ऐकताच मान आवळली जाते. ते आवळणं ओळखायचं, थांबायचं, मग उठायचं. हे थांबणं शिक्षक कुणाला बाहेरून देऊ शकत नाही. 'दहा वेळा उठा-बसा, तीन फेऱ्या' या अपेक्षेने आलेल्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो. पहिल्या भेटीतच 'इथे तुम्ही शिकायला आला आहात' हे स्पष्ट झालं असेल, तर वाटत नाही.

'क्लायंट' हा शब्द आम्ही टाकाऊ मानत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात समुपदेशनात तो रुजवला, कारण 'पेशंट' म्हटल्यावर माणूस सूत्रं दुसऱ्याच्या हाती देतो. फी, वेळ, स्पर्शाला संमती, नको असेल तर नकार, हे सगळं या शब्दात नीट बसतं. पिलाटेस या व्यायामपद्धतीच्या स्टुडिओत तो सर्रास चालतो. अडचण तासात येते. क्लायंटला खूश ठेवायचं म्हणून विश्रांती कापली जाते आणि घाम वाढवला जातो. रिफॉर्मर या सरकत्या पाटाच्या यंत्राला ताण देणाऱ्या स्प्रिंग दर वेळी शिक्षकच बदलत असेल, तर महिनोन्‌महिने येणाऱ्यालाही स्वतःला किती ताण हवा ते कळत नाही. स्प्रिंग त्यालाच बदलायला लावा. कमी स्प्रिंग म्हणजे सोपं, हा समज काही व्यायामांतच मोडतो: फूटवर्क (पायांनी ढकलत पाट सरकवणं) हलकं होतं, पण प्लँकमध्ये (हात-पाय टेकून शरीर सरळ धरताना) सरकता पाट आवरणं अवघड जातं.

'विद्यार्थी' या शब्दाचाही धोका आहे. शाळा मनात जागी होते. माणूस श्वास रोखतो, शिक्षकाची नक्कल करतो, दर हालचालीनंतर "बरोबर आहे का?" विचारतो. अशा वेळी करून दाखवू नका, शब्दांत सांगा. एकच हालचाल दोन प्रकारे करायला लावा आणि कुठला प्रकार सोपा गेला ते विचारा. 'छान', 'शाब्बास' आवरा. त्याने लक्ष पुन्हा शिक्षकाच्या चेहऱ्याकडे जातं.

एका दिवसाच्या कार्यशाळेत 'सहभागी' पुरतं. 'शिष्य' आणि 'साधक' या नात्यांना वर्षं लागतात. तीन महिन्यांच्या वर्गाला ती नावं देऊ नयेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ मध्ये पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार) असलेल्यांसाठी सुरू केलेल्या वर्गांत येणाऱ्यांना नर्तक मानतात. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं: नर्तकाकडून ताल आणि दिशा मागता येते, आजाऱ्याकडून फक्त काळजी घेणं मागितलं जातं. वयावरून किंवा दुखण्यावरून हाक मारली तरी हेच होतं. "गुडघेवाले, तुम्ही राहू द्या" म्हणणारा शिक्षक त्या माणसाची हालचाल त्याने करून बघण्याआधीच छोटी करतो. नावाने हाक मारा.

'पेशंट' शब्दाची जागा मात्र पक्की आहे. शस्त्रक्रियेनंतर ऊती भरून येईपर्यंत किती वाकायचं, किती भार द्यायचा हे फिजिओथेरपिस्ट ठरवतो, आणि जबाबदारीही त्याची. ती पात्रता नसलेल्या शिक्षकाने 'माझे पेशंट' म्हणणं म्हणजे झेपणार नाही असं वचन देणं. पाठदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली किंवा पायांतली शक्ती कमी होऊ लागली, तर तास तिथेच थांबवून लगेच रुग्णालयात पाठवावं. फिजिओथेरपिस्ट स्वतः वर्गही घेत असेल, तर उपचाराची नोंद आणि वर्गाची नोंद वेगळी ठेवावी, आणि आज कुठल्या भूमिकेत भेटतो आहोत ते समोरच्याला सुरुवातीलाच सांगावं.