अमरनाथची खरी चढण आमच्या सिव्हिलमध्ये होती

अमरनाथहून परत आल्यापासून जो तो थंडी किती होती आणि घोडेवाले किती घेतात एवढंच विचारतो. फिटनेस सर्टिफिकेटचं कुणी विचारत नाही, म्हणून मी आपणहूनच सांगते. पिस्सू टॉपच्या चढणीवर मला जेवढा घाम फुटला नाही, तेवढा आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पंख्याखाली बसून फुटला.

जायचं होतं मला आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना. त्यांना मी ताई म्हणते. ताईंना 68 पूर्ण झालेली आणि यात्रेला वयाची अट 13 ते 70. त्यामुळे आता नाही तर मग राहिलंच, असं त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवातच जाहीर करून टाकलं. घरातले पुरुष नुसतं ‘बघू, बघू’ करत राहिले, तेव्हा आम्ही दोघींनीच निघायचं ठरवलं.

2024 ची यात्रा 29 जून ते 19 ऑगस्ट, म्हणजे राखीपौर्णिमेपर्यंत होती. नोंदणी 15 एप्रिलला सुरू झाली. ताईंना जुलैच्या अगदी सुरुवातीची तारीख हवी होती, कारण बर्फाचं लिंग तेव्हा चांगलं भरलेलं असतं. पुढे ऊन आणि गर्दी वाढली की ते झिजत जातं. तारीख मिळते ती आधी येईल त्याला, रोजचा कोटा ठरलेला असतो, आणि आरोग्य प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय नोंदणीच होत नाही. प्रमाणपत्र पुन्हा त्या वर्षी 8 एप्रिल किंवा त्यानंतरच्याच तारखेचं लागत होतं आणि तेही यात्रा चालवणाऱ्या श्राइन बोर्डाच्या यादीतल्या डॉक्टरांचं किंवा दवाखान्याचंच. आमचे फॅमिली डॉक्टर ताईंचं बीपी वर्षानुवर्षं बघतायत, पण त्यांची सही इथे चालत नाही. यादी बोर्डाच्या संकेतस्थळावर राज्यवार असते. आमच्या जवळचं नाव होतं ते सिव्हिल.

सिव्हिलमध्ये केसपेपर काढायच्या खिडकीवरच गाडी अडली. खिडकीतल्या मुलाला वाटलं, आम्हाला लायसनसाठी फिटनेस पाहिजे. यात्रेचं म्हटल्यावर त्यानं आत विचारलं आणि आम्हाला बुधवारी यायला सांगितलं. बुधवारी गेलो तर ती रांग दिव्यांग प्रमाणपत्राची निघाली. कुबड्या घेतलेली, व्हीलचेअरवरची माणसं सकाळपासून ताटकळलेली, आणि त्यांच्यात आम्ही दोघी धडधाकट बायका फॉर्म घेऊन उभ्या. एका मावशींना आमची दया आली. त्या म्हणाल्या, “तुमचं इथं न्हाई व्हायचं बाई, वर मेडिसिनच्या ओपीडीत जा.” वर गेलो तर फिजिशियन इलेक्शन ड्युटीवर. लोकसभेची धामधूम होती, त्यामुळे अर्धा स्टाफ तिकडेच. “मतदान झाल्यावर या,” असं सांगून आमची बोळवण झाली.

मतदान झालं, मॅडम आल्या. दोन जिने चढून, खालच्या कारकुनाशी वाद घालून आम्ही त्यांच्यापुढे जाऊन बसलो, सिस्टरनी ताईंच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळला आणि बीपी निघालं 170 च्या वर. मॅडमनी पेन खाली ठेवलं. ताई म्हणाल्या, “अहो, हे तुमच्या जिन्याचं आहे, माझं नाही!” मॅडम हसल्या, पण सही केली नाही. गोळी बदलून दिली आणि पंधरवड्यानं यायला सांगितलं. यादीतल्या डॉक्टरकडे जाणार असाल तर जिना चढून आल्यावर निदान दहा-पंधरा मिनिटं बाहेर बाकावर बसा, पाणी प्या आणि मगच नंबर लावा.

पंधरवड्यानं बीपी ठीक निघालं. पण ईसीजीच्या खोलीत कागदाचा रोल संपलेला. बाहेरून काढून आणला तर तो चालेल की नाही यावर दोन सिस्टरांची दोन मतं. शेवटी मॅडमनी चालवून घेतला, छाती तपासली, फॉर्म भरला, सही केली. मला वाटलं, सुटलो. सही झाली, आता शिक्का. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली ज्या सिस्टरकडे त्यांची नाइट. शिक्का मिळाला त्या दिवशी आवक-जावकचा रजिस्टरवाला लग्नाला गेलेला. हे सगळं पार पडून नोंदणीसाठी बँकेत गेलो, तर सहीखाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही म्हणून फॉर्म परत! एका आकड्यासाठी पुन्हा एसटी, पुन्हा तोच जिना. मॅडमनी तो आकडा चालता चालता, भिंतीला कागद टेकवून लिहून दिला.

तोवर जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या तारखा भरल्या होत्या. आम्हाला परमिट मिळालं महिन्याच्या मध्याचं, पहलगाम मार्गाचं. आणि जुलैचा पहिला आठवडा संपतोय तोच बातमी आली, की लिंग पूर्ण वितळलं. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “त्या शिक्क्यानं माझा महादेव वितळवला.” आमच्या घरात हे वाक्य आता म्हणीसारखं वापरतात.

प्रमाणपत्राची अट चुकीची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. गुहा 3,888 मीटरवर आहे आणि वाटेतली महागुणसची खिंड त्याहूनही उंच, सुमारे 14,000 फूट. तिथे दम लागतो म्हणजे काय ते मी पाहून आले. तपासणी हवीच, शिक्क्याची किल्ली शोधत फिरणं नको. त्याच मॅडमनी ताईंना बजावलं होतं, की महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चाला आणि दीर्घ श्वसन करा. बोर्डाच्या सूचनांतही हेच आहे. ताई रोज पहाटे मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायच्या, त्याचा वर फार उपयोग झाला. त्याच सूचनांत बायकांनी साडी नेसू नये असंही लिहिलंय. जन्मात पंजाबी ड्रेस न घातलेल्या ताईंनी दोन शिवून घेतले आणि आता बाजारातही तेच घालतात.

दौंडला झेलम एक्सप्रेस पकडली, जम्मूला उतरलो. तिथे आधार दाखवून गळ्यात अडकवायचं आरएफआयडी कार्ड (यात्रेकरू कुठवर पोचला ते कळावं म्हणून असतं ते) मिळालं, ते काम झटपट झालं. पहाटे भगवतीनगरच्या तळावरून बंदोबस्तात गाड्यांचा ताफा निघतो. आपलं प्रीपेड सिम तिकडे बंद पडतं, फक्त पोस्टपेड चालतं, हे घरूनच लक्षात ठेवा; नाहीतर घरचे काळजीत आणि तुम्ही दुसऱ्याच्या फोनसाठी हात पसरत.

चंदनवाडीपासून चालायला सुरुवात केली. ताई घोड्यावर, मी पायी. त्यांचा घोडेवाला पहलगामजवळच्या गावातला मुसलमान मुलगा, अवघड वळण आलं की म्हणायचा, “माताजी, आगे झुको.” उतार आला की, “पीछे झुको.” ताई मराठीत त्याच्या आईची चौकशी करत होत्या आणि तो काश्मिरी वळणाच्या हिंदीत उत्तरं देत होता. दोघांचं उत्तम चाललं होतं.

शेषनागचं तळं वरून दिसलं तेव्हा सगळी रांग आपोआप थांबली. पाणी हिरवं की निळं ते ठरेना, आणि मागच्या डोंगरांवरून बर्फाच्या जिभा थेट तळ्यावर उतरलेल्या. ताईंनी घोड्यावरूनच हात जोडले. मी तेवढी देवभोळी नाही, पण तिथे मलाही काही बोलवेना. रात्री तंबूत थंडीनं झोप नव्हतीच. पहाटे बाहेर आले तर शिखरांच्या टोकांवर ऊन आणि आम्ही अजून अंधारात. त्या घटकेत सिव्हिल, शिक्का, कोटा, सगळं विसरायला झालं होतं, हे खरं.

महागुणसच्या पुढे वाटेपासून हातभर अंतरावर एक तांबूस, गुबगुबीत प्राणी मागच्या पायांवर उभा राहून आम्हाला न्याहाळत होता. जरा जवळ गेले तशी त्यानं कुकरसारखी शिट्टी मारली आणि बिळात गडप. मार्मोट म्हणतात त्याला. पायांखाली पिवळी, जांभळी रानफुलं इतकी बारीक, की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. पंचतरणीला गोटेच गोटे आणि त्यांतून फुटलेले पाण्याचे प्रवाह. तिथे पाणी इतकं गार, की चूळ भरली तर दात बधीर होतात.

वाटेवर भंडारे जागोजागी आहेत, खायला बरोबर न्यायची गरज नाही. तळकट पदार्थांवर बोर्डाची बंदी असल्यामुळे पुरी-भटुऱ्यांची आशा धरू नका. खिचडी, डाळ-भात भरपूर. रिकाम्या पोटी मात्र चालू नका, डोकं धरतं.

गुहेत जाळीपलीकडे, लिंग असतं त्या जागी, ओला खडक होता. आमच्या पुढचे एक गृहस्थ “एवढ्या लांबून येऊन हे?” असं मोठ्यानं म्हणाले. ताई मात्र वर बघत होत्या. छतातून पाणी ठिबकत होतं, त्याच पाण्याचं लिंग बनतं. त्यांनी हात पुढे केला, दोन थेंब तळव्यावर पडले, ते त्यांनी डोळ्यांना लावले आणि मला पुढे ढकलत म्हणाल्या, “चल गं, मागची माणसं खोळंबलीत.” मी मनातल्या मनात आवक-जावकच्या रजिस्टरवाल्याची आठवण काढत होते, हे त्यांना सांगितलं नाही.

उतरताना दुसरी, बालटालची वाट धरली. चौदा किलोमीटर, तीव्र उतार, धूळ आणि घोड्यांची लीद. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी घ्याच, आणि बुटात पुढे बोटभर जागा ठेवा. माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

आमच्या आळीतल्या एक काकू पुढच्या खेपेला जाणार म्हणतात. ताईंनी त्यांना आपल्या फॉर्मची झेरॉक्स देऊन ठेवली आहे. नोंदणी क्रमांक, तारीख, शिक्का आणि जावक नंबर, या चारही जागांवर लाल पेनानं गोल केलेत.