तुम्ही विचारलंत म्हणून: 95 किलो आणि आंबोली

"वजन 95 किलो आहे, सायकलने आंबोली घाट जमेल का?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं. जमेल. पण पोटाकडे नंतर बघू, आधी सायकलचं मागचं चाक बघा.

तुम्ही 95, सायकल आणि पाणी मिळून 14, एकूण 109 किलो. सहा टक्के चढ ताशी 7 किलोमीटरने चढायला साधारण 140 वॉट लागतात. रोज तेवढं ओझं वाहणाऱ्या मांड्यांना काही महिन्यांच्या सरावानं ते झेपतं. अडतं गिअरपाशी. पुढे पेडलच्या चकतीला 42 दात आणि मागच्या चाकावरच्या चकतीला जास्तीत जास्त 28 असतील, तर या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम 37 फेरे मारतात. मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा दाबला जातो. पुढे 28 आणि मागे 34 असेल तर त्याच वेगाला 67 फेरे होतात. पुढे तीन चकत्या (चेनरिंग) असलेल्या बऱ्याच हायब्रिड सायकलींना 28 ची असतेच. लोक ती वापरत नाहीत, कमीपणा वाटतो म्हणून! मागे मोठी कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवताना डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का ते विचारा आणि चेनची लांबी तपासून घ्या. चेन आखूड पडली आणि पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या दातांवर गेली, की डिरेलर पिळवटून तुटतो.

एक किलोने हलकी सायकल घ्यायला हजारो रुपये जातात, आणि तासाभराच्या चढात वाचतं अर्धं मिनिट. त्यापेक्षा तुमचं वजन पेलायला मागचं चाक 32 किंवा 36 तारांचं घ्या.

सरावाला घाटच हवा असं नाही. खाडीवरचा पूल संपला की सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाणारे आपले कोकणातले चढ लहान, पण घाटाहून उभे. तसा एखादा गाठून सहा-सात मिनिटं चढा, सावकाश उतरा, असं चार वेळा, आठवड्यातून दोनदा. चढताना तुटक बोलता यावं, गप्पा मारता येऊ नयेत. घाटात मात्र पहिली दहा मिनिटं पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावा. बहुतेक जण इथेच संपतात.

सीटवर बसूनच चढा. उभं राहायचं तर एक गिअर जड करून, पंधरा-वीस फेऱ्यांपुरतं. डाव्या वळणाला आपण आतल्या बाजूला असतो, तिथे चढ एकदम उभा होतो. गिअर वळणाआधीच हलका करा. जोर लावलेला असताना बदललात तर चेन उतरते. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असेल तर मोडा. टाच पेडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा.

खरा शत्रू दमटपणा. मोठं अंग जास्त तापतं, ताशी 7 ला वारा लागत नाही, आणि घाम वाळण्याऐवजी नुसता गळतो. पहाटे साडेपाचला पायथा सोडा. तासाला साधारण पाऊण लिटर प्या. एका बाटलीत कोकमाचं आगळ, साखर आणि चांगलं चिमूटभर मीठ.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. 109 किलोंखाली रिम किंवा डिस्क भयंकर तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग उतरला की सोडा. निघण्याआधी पॅड किती उरलेत ते मात्र घरीच बघा.