फ्लुइड मेकॅनिक्स : माझं घोडं कुठे अडलं

सेकंड इयर मेकॅनिकलला फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रव आणि वायूंच्या दाबाचा नि प्रवाहाचा विषय, सुटलं, मार्कही चांगले पडले. पण एका प्रश्नापायी जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. प्रश्न साधा होता : प्रवाह स्टेडी, म्हणजे वेळेनुसार न बदलणारा असेल, तर पाण्याला त्वरण कुठून येतं?

सुरुवातीची युनिट्स भराभर गेली. घनता, व्हिस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा), मॅनोमीटर (नळीतल्या द्रवाच्या पातळीवरून दाब मोजायचं साधन), मेटासेंटर (तरंगती वस्तू कलंडेल की सावरेल हे ठरवणारा बिंदू) हे सगळं नीट वाचलं की कळतं. (नळीत पाणी आणि डिफरन्शियल मॅनोमीटरमध्ये पारा असेल, तर दाबातला फरक पाण्याच्या उंचीत काढायला पाऱ्याच्या पातळीतला फरक 12.6 ने गुणायचा, 13.6 ने नाही. पारा पाण्याच्या 13.6 पट जड खरा, पण दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीचं पाणी असतं, ते वजा होतं. आत्ताच सांगून टाकते, नंतर राहून जाईल.)

मग कायनेमॅटिक्स, म्हणजे बलाचा विचार न करता नुसत्या गतीचं वर्णन, आलं आणि फळ्यावर त्वरणाचं चार पदांचं सूत्र आलं. शेवटचं पद वेळेनुसार होणाऱ्या बदलाचं. प्रवाह स्टेडी असला की ते शून्य. उरलेली तीन जागेनुसार होणाऱ्या बदलाची, ती तशीच ठेवायची. स्टेडी म्हणजे कुठल्याही एका जागेवरचा वेग वेळेनुसार बदलत नाही, ही व्याख्या त्याच तासाला वहीत उतरवली होती. मग बदलच नाही तर ही तीन पदं कसली? मी हात वर करून विचारलं. उत्तर मिळालं, "सूत्र आहे तसं लिहा, पूर्ण मार्क मिळतात." नंतर केबिनमध्ये गेले, तर "हे पेपरला येत नाही." सीनियर मुलांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा हातात दिला आणि त्या युनिटवर कोणती गणितं फिरून फिरून येतात ते सांगितलं. सगळ्यांनी मदतच केली, पण माझ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. पोरं इंजिनिअर व्हायला येतात आणि त्यांना त्वरण म्हणजे काय हे विचारायची सोय नाही, याची चीड मला आजही येते.

उत्तर मिळालं ते गावी. आमच्या बारामती भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी येतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा पाळी सुरू होती आणि अण्णांबरोबर उसाला दारं धरायला गेले. आमच्या रानाच्या वर चारी एका मोरीतून जाते आणि तिथे ती एकदम अरुंद होते. पाण्यात पाचटाचा एक तुकडा आला. रुंद चारीत तो रमतगमत येत होता. मोरीच्या तोंडाशी आला आणि सुटलाच. मागून दुसरा तुकडा आला, त्याचंही तसंच. मोरीच्या तोंडाशी पाण्याची पातळी किंचित खाली बसलेली होती, पण जिथे बसली होती तिथेच ती राहिली, हलली नाही. म्हणजे प्रत्येक जागेवर वेग ठरलेला, आणि तरीही त्या जागांमधून जाणारा तुकडा वेग घेतोय. ती उरलेली तीन पदं ती हीच. अण्णा ओरडले, "अगं काय बघत बसलीस? बांध फुटंल तिकडं!" मी तिथेच उभी होते.

रात्री आकडे घालून बघितले. 50 मिलिमीटरची नळी 25 वर येते, म्हणजे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर. पाणी 2 मीटर प्रति सेकंदाने शिरलं तर 8 ने बाहेर पडणार. या निमुळत्या तुकड्याची, म्हणजे नॉझलची, लांबी 30 सेंटिमीटर घेतली आणि वेग अंतराबरोबर सरळ रेषेत वाढतो असं धरलं, तर दर मीटरला वेगवाढ 20. त्वरण म्हणजे त्या जागेवरचा वेग गुणिले ही वाढ : शिरताना 40, बाहेर पडताना 160 मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या चौपट ते सोळापट! पाण्याचा कण साधारण 0.07 सेकंदात ही नॉझल पार करतो. आणि पूर्ण वेळ प्रवाह स्टेडीच असतो.

एवढं हाती आल्यावर बर्नूलीचं समीकरण (वेग वाढला की दाब किती उतरतो ते सांगणारं) पाठ करावं लागलं नाही. एवढं त्वरण द्यायला बल लागतं. आडव्या नळीत ते येणार कुठून? मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असेल, तरच. आमच्या नॉझलमध्ये तो फरक, घर्षण सोडून, 30 किलोपास्कल येतो, साधारण तीन मीटर पाण्याच्या उंचीइतका. बर्नूलीचा ग्रंथ 1738चा आणि गणितज्ञ ऑयलरची प्रवाहाची समीकरणं 1757 मध्ये छापून आली. न्यूटनचा दुसरा नियम वाहत्या पाण्याला लावून बर्नूलीपर्यंत कसं पोचायचं, ते ऑयलरने दाखवलं. वर्गात मात्र बर्नूली आधी सूत्र म्हणून येतो आणि मागचं कारण कधीच येत नाही.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं : व्हेंच्युरीच्या (मध्ये अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारी, प्रवाह मोजायची नळी) गळ्याशी दाब कमी का? बहुतेक जण "वेग वाढतो म्हणून" एवढंच म्हणत होते. मी त्वरणापासून सुरुवात केली. सरांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

प्रॅक्टिकलचं म्हणाल तर व्हेंच्युरीचा डिस्चार्ज कोइफिशंट (प्रत्यक्ष प्रवाह भागिले सूत्राने येणारा प्रवाह) 0.98 च्या आसपास आणि ओरिफिसचा, म्हणजे पत्र्यातल्या साध्या भोकाचा, 0.6 च्या आसपास यायला हवा. ओरिफिसमधून गेलेली धार पुढे आणखी आकसते, म्हणून एवढा फरक. रेनॉल्ड्सच्या प्रयोगाला (काचेच्या नळीत रंगाची रेषा सोडून प्रवाह संथ आहे की खळबळलेला ते बघायचं) घाई करू नका. टाकीतलं पाणी पूर्ण शांत होऊ द्या, मगच रंग सोडा. शांत टाकीत रंगाची रेषा 2000च्या वरच्या रेनॉल्ड्स नंबरलाही (वेग, नळीचा व्यास आणि चिकटपणा यांवरून काढलेला आकडा; साधारण 2000च्या पुढे प्रवाह खळबळू लागतो) सरळ टिकते. डिवचलेल्या पाण्यात ती आधीच विस्कटते आणि जर्नलमधले आकडे जुळत नाहीत.

आणखी एक. 1960च्या दशकात अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या फिल्म्स एमआयटीच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. त्यात एका जागी थांबून बघणं आणि कणाबरोबर जाणं यावर एक अख्खी फिल्म आहे. मला ती परीक्षा झाल्यावर सापडली. तुम्ही कायनेमॅटिक्सच्या आधीच बघून घ्या.

आणि बेंडवरच्या, म्हणजे नळीच्या वळणावरच्या, बलाचं गणित आलं तर आधी कंट्रोल व्हॉल्यूमची (ज्या भागातल्या पाण्याचा हिशोब करायचा त्याची) चौकट काढा, मग बलांचे बाण, मग आकडे. दाब गेजच, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वरचाच, घ्या. वातावरणाचा दाब बेंडला बाहेरून सगळीकडून असतोच, तो कटून जातो.