इलियड मूळ ग्रीकमधून वाचताना

ग्रीक शिकू लागून जेमतेम वर्ष झाले असताना, ब्रिटनमधील विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या बाईंनी होमरच्या इलियडचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरील प्राचीन ग्रीक महाकाव्याचा, पहिला सर्ग वाचायला घेतला. आरंभीच्या सात ओळींनाच माझी अख्खी संध्याकाळ गेली. मी शिकले होते ते अथेन्सच्या गद्यलेखकांचे ग्रीक; होमरची भाषा त्याहून जुनी, मुख्यतः आयोनियन बोलीची आणि तीत इओलियन रूपे मिसळलेली, त्यामुळे ओळखीची विभक्तीसुद्धा वेगळाच वेष घेऊन समोर येई. पहिला शब्द ‘मेनिन’, म्हणजे क्रोध. त्याचे विशेषण ‘उलोमेनेन’, म्हणजे विनाशकारी, थेट दुसऱ्या ओळीच्या आरंभी येते आणि ते कोणाचे हे प्रत्ययावरूनच ओळखावे लागते. शाळेत संस्कृत श्लोकांचा अन्वय लावलेला असल्याने येथे मी अडले नाही. सहाव्या ओळीत ग्रीक वीर अ‍ॅकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन भांडून दूर होतात, त्या ठिकाणी चक्क द्विवचन भेटले, तेव्हा तर माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

हा आनंद फार टिकला नाही. दर शब्दाला कोश उघडायचा, वहीत अर्थ लिहायचा आणि ओळ पूर्ण होईपर्यंत आधीची विसरायची, असे दोन महिने चालले. एवढा खटाटोप करूनही मी इलियड वाचत नव्हते, नुसती शब्दांची यादी करत होते. माझी वही पाहून बाईंनी ती मिटायला लावली आणि पुढचे पंधरा दिवस अर्थाकडे न पाहता फक्त मोठ्याने म्हणायला सांगितले.

होमरच्या ओळीत सहा गण असतात आणि त्यांचा मूळ साचा एक गुरू, दोन लघू असा, म्हणजे आपला भगण. त्याच्या जागी दोन गुरूही चालतात, मात्र पाचव्या गणात बहुधा भगणच येतो. जोडाक्षरामागचे अक्षर गुरू होते हा आपला नियम तेथेही जवळजवळ तसाच आहे. प्राचीन ग्रीकमधले थ, फ, ख हे महाप्राण उच्चार वर्गातल्या इतरांना मुद्दाम घोटावे लागत, माझ्या तोंडी ते आपसूक येत. आठवडाभरात ओळ कोठे थांबते, कोठे वळते, हे कानाला कळू लागले आणि अर्थ त्या थांब्यांवर आपोआप सुटा होऊ लागला.

मग पुन्हा पुन्हा येणाऱ्या विशेषणांविषयीचा माझा राग गेला. मिलमन पॅरी या अभ्यासकाने 1928 साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधांत दाखवले होते, की अशी ठरीव पदे वृत्तातल्या ठरावीक जागा भरतात. पुढे 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियातील गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून त्याने मौखिक, म्हणजे न लिहिता गाता गाता केलेल्या, रचनेचा जिवंत पुरावाही गोळा केला. हे पटले, तरी ती पदे म्हणजे निव्वळ भरणा, असे मात्र मला वाटत नाही.

त्याचे कारण सहावा सर्ग. त्यात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला वारंवार ‘कोरिथाइओलोस’, म्हणजे लखलखत्या शिरस्त्राणाचा, म्हटले जाते आणि मी ते पद सवयीने ओलांडून जात होते. मग तो आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, आणि शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना पाहून बाळ किंचाळत दाईच्या कुशीत शिरते. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, तेथेही ते चमकतच असते. मात्र ते काढण्याच्या त्या ओळीत त्याचे विशेषण ‘फाइदिमोस’, तेजस्वी, असे आहे. वृत्ताची गरज म्हणून ते आले असेल. तरी लखलखते शिरस्त्राण डोक्यावरून आणि नावावरून एकाच वेळी उतरलेले मला दिसले, आणि मी ती ओळ खोलीत एकटीच कितीतरी वेळा म्हटली.

सध्या चोविसाव्या सर्गात 479व्या ओळीशी आहे. हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रिअम, आपल्या अनेक मुलांना मारणाऱ्या अ‍ॅकिलीसच्या हातांचे चुंबन घेतो आणि त्या हातांना लावलेले ‘आंद्रोफोनोस’, नरघातक, हे विशेषण इतरत्र मी बहुधा हेक्टरच्या नावाला जोडलेले वाचत आले होते. अजून 325 ओळी उरल्या आहेत.